नाते रक्ताचे की श्रमाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ‘कुटुंब आणि समाजवाद’ या विषयावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘कुटुंब आणि समाजवाद’ हा विषय संयोजकांनी माझ्यावर सोपविला, तेव्हा मी एंगल्सच्या १८८४ सालच्या ग्रंथापासून आरंभ करीन आणि खाजगी मालमत्तेवर येऊन थांबेन, अशी त्यांची अपेक्षा असणार. तीसहून अधिक वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा ती कोणती करायची? आज मात्र मी ग्रंथापासून आरंभ करणार नाही. दोन वर्षांच्या एका मुलीपासून करणार आहे. ती आमच्या घरी आल्यानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत कुटुंब या विषयावर मला जे शिकायला मिळाले, ते त्याआधीच्या चाळीस वर्षांच्या वाचनात मिळाले नव्हते. हे सांगताना थोडा संकोच वाटतो. परंतु अभ्यासवर्गात कबुलीजबाबालाही जागा असावी.

२०२३ सालच्या जून महिन्यात माझ्या मुलीने आणि जावयाने एक मुलगी दत्तक घेतली. नोंदणी केल्यापासून तीन वर्षांहून अधिक काळ ती दोघे वाट पाहत होती. मुलगी-जावई आमच्याबरोबरच राहतात, म्हणून या साऱ्या प्रकरणाचा मी घरातला साक्षीदार आहे. मुलीचे वय तेव्हा दोन वर्षे आणि एक महिना होते. तिचे नाव मी सांगणार नाही, आणि आमच्याकडे येण्यापूर्वीची तिची हकिगतही सांगणार नाही. ती हकिगत तिच्या मालकीची आहे. मोठी झाल्यावर ती कोणाला सांगायची ते तीच ठरवील. मी बोलणार आहे ते आमच्याविषयी, म्हणजे मोठ्या माणसांविषयी.

फायलीत नसलेली गोष्ट

संस्थेतून मूल घरी आणताना एक जाडजूड फाईल हाती येते. वजन, उंची, लसीकरण, रक्ताच्या तपासण्या, समितीचे कागद असे सगळे तीत असते. आमच्याही हाती ती आली. सह्या झाल्या आणि आम्ही निघणार, तोच मुलांना सांभाळणारी एक मावशी माझ्या मुलीला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, हिला झोपताना कुणाच्या तरी कानाची पाळी हातात लागते. नाही मिळाली तर रडत नाही, नुसती जागी राहते.” एवढे बोलून ती पाठ फिरवून आत निघून गेली.

फाईल मी दोनदा वाचली होती. त्या रात्री उपयोग झाला तो त्या एका वाक्याचा. ज्या कामाला आपण सहजपणे ‘अकुशल’ म्हणतो, ते काम करणारी ती बाई त्या मुलीविषयी जे जाणत होती ते कोणत्याही कागदावर उतरलेले नव्हते. त्या दिवशी तिच्याही हातातून एक मूल गेले होते. याचा विचार मात्र आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

संस्थेच्या समाजसेविकेने निघताना एक गोष्ट बजावली होती. मुलीला भरवणे, आंघोळ घालणे, झोपवणे आणि रडली तर उचलून घेणे, ही चार कामे पहिले काही आठवडे फक्त आईनेच किंवा बाबांनीच करायची. आजी-आजोबांनी घर सांभाळायचे, मुलीला नव्हे. मला हे मुळीच पटले नाही. नात घरी यावी आणि आजोबांनी तिला उचलू नये, हा कुठला नियम? आमच्या लहानपणी वाड्यात मूल दहा हातांवर वाढत असे, हा माझा युक्तिवाद. बाईंनी शांतपणे उत्तर दिले की, वाड्यातल्या मुलाचे ते दहा हात ठरलेले असत आणि उद्याही तेच असत. या मुलीने दोन वर्षांत किती हात पाहिले ते मोजा. तीन पाळ्यांच्या तीन मावश्या, त्यांच्या सुटीच्या दिवशी येणाऱ्या, काम सोडून गेलेल्या, नव्याने आलेल्या. सगळेच हात आपले असतात तेव्हा कोणताच हात आपला नसतो. आता तिला दोन माणसे ओळखू द्या; बाकीची नाती त्यानंतर जुळतील.

हे मला कळले, पण वळले नाही. पहिल्याच रविवारी मी तीस-पस्तीस स्नेह्यांना चहाला बोलाविले. त्यांत आपल्या चळवळीतील मंडळी होती. काहीजण आज समोर बसलेले दिसतात. मुलगी सगळ्यांकडे गेली. कोणाच्याही मांडीवर बसली, हसली, कोणी दिलेला लाडू तोंडात कोंबला. रडली म्हणून नाही. “बघा, किती लवकर रुळली!” असे मी अभिमानाने म्हणत होतो. माझे एक जुने बालरोगतज्ज्ञ मित्र मला गॅलरीत घेऊन गेले आणि म्हणाले, “ती तुमच्याकडे जशी आली, तशीच रस्त्यावरच्या कोणाही माणसाचे बोट धरून निघून जाईल. यात कौतुक करण्याजोगे काय आहे? या वयाच्या मुलाने परका माणूस पाहून आईच्या पदराआड लपायला हवे. हिला अजून पदरच मिळालेला नाही.” त्या रात्री मुलीला दोनदा उलटी झाली. पहाटे तीनपर्यंत ती उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहत पडून होती. रडण्याचा आवाज नाही. रडून कोणी येतेच असे नाही, हे जिला पाळण्यातच कळले, ती रडण्यावर शक्ती कशाला खर्च करील?

त्याच रविवारची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. निरोप घेताना एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आवाज खाली आणून मला विचारले, “जात वगैरे काही कळली का?” मी तुटकपणे “नाही” म्हणालो आणि रात्रभर मनातल्या मनात त्याच्यावर चिडत राहिलो. सकाळी थोडे प्रामाणिकपणे आठवून पाहिले. फाईल प्रथम हाती आली तेव्हा वजन आणि लसी पाहण्याआधी माझी नजर कशावर गेली होती? छायाचित्रातल्या रंगावर, आणि नंतर, कोठे एखादे आडनाव, एखादा सुगावा दिसतो का, यावर. आंतरजातीय विवाहांच्या सभांतून आयुष्यभर भाषणे केलेल्या माणसाची ही नजर. सहकाऱ्याने तोंडाने विचारले, मी डोळ्यांनी विचारले होते. आमच्यातला फरक एवढाच.

दिवसाचे काम

दुसऱ्या आठवड्यापासून मी नियम पाळू लागलो. भांडी, कपडे आणि बाजार माझ्याकडे आले, पत्नीकडे स्वयंपाक. मुलगी बिनपगारी रजेवर होती. जावयाने शिल्लक असलेली बारा दिवसांची रजा घेतली होती. ती दोघे त्या मुलीबरोबर दिवसरात्र काय करतात, हे मी लक्ष देऊन पाहू लागलो. माझी स्वतःची मुलगी या वयाची होती तेव्हा मी विद्यापीठाचे पेपर तपासत होतो आणि संघटनेच्या बैठकांना जात होतो. त्या काळात माझ्या घरी कोण काय करीत होते, याची कल्पना मला आता, साठी उलटल्यावर, येऊ लागली.

जेवणाचेच पाहा. मुलगी घाईघाईने खायची, पोट भरले तरी थांबायची नाही, आणि पोळीचे तुकडे, बिस्किटे उशीखाली, सोफ्याच्या फटीत, एकदा तर जावयाच्या बुटात दडवून ठेवायची. “शिस्त लावली पाहिजे,” असे मी म्हणालो. माझ्या मुलीने शिस्त लावली नाही. तिने मुलीच्या हाताला येईल अशा उंचीवर एक वाटी ठेवली. तिच्यात केळे, पोळीचा तुकडा, असे काहीतरी दिवसभर असेल आणि ते कोणी काढून घेणार नाही, अशी व्यवस्था केली. वाटी रिकामी दिसू द्यायची नाही, हे काम माझे. पहिल्या आठवड्यात ती दिवसातून दहा-बारा वेळा भरावी लागे. पाचव्या आठवड्यात एके दिवशी वाटीतले केळे संध्याकाळपर्यंत तसेच राहिले आणि काळे पडले. अन्नसुरक्षा हा शब्द मी वर्गात शेकडो वेळा उच्चारला असेल. तिचा अर्थ मला त्या काळ्या पडलेल्या केळ्याने सांगितला.

आंघोळीला ती घाबरे. डोक्यावर तांब्या येताना दिसला की अंग ताठ करी. तेव्हा माझी मुलगी स्वतः तिच्याबरोबर न्हाणीघरात बसू लागली. आधी बाहुलीला आंघोळ, मग आईच्या हातावर पाणी, मग तिच्या. एका आंघोळीला पाऊण तास. पुरुषांच्या आवाजाची तिला सवय नव्हती, कारण तिच्या जगात पुरुष जवळजवळ नव्हतेच. जावई रोज संध्याकाळी तिच्याकडे न पाहता जमिनीवर उताणे पडून पुस्तक वाचत राहत. तो काही आळस नव्हता, ते काम होते. बाराव्या दिवशी ती हळूच जवळ आली आणि त्यांच्या पोटावर एक चमचा ठेवून पळाली. त्या चमच्यापासून बापलेकीचा संसार सुरू झाला.

आणि रोज संध्याकाळी एका ठरावीक वेळी ती दाराशी जाऊन उभी राही. प्रथम आम्हांला उलगडा होईना. पुढे कळले, ती संस्थेत पाळी बदलण्याची वेळ होती. एक मावशी जायची, दुसरी यायची. ती कोणाची तरी वाट पाहत होती आणि ते माणूस आता येणार नव्हते. दत्तक मुलाला ‘घर मिळाले’ असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण त्याआधी त्याचे जे काही होते ते सर्व, आवाज, वास, अंथरूण, शेजारच्या खाटेवरचे मूल, एका दुपारी त्याच्यापासून गेलेले असते. आम्ही पेढे वाटत होतो तेव्हा घरातले सर्वांत लहान माणूस शोक करीत होते.

सवयीप्रमाणे मी एक वही केली होती. कोणाचे किती तास जातात, याची नोंद मी ठेवीत असे. मुलीसाठी थेट लागणारे काम दिवसाला चौदा तासांच्या आसपास भरले. रात्रीचे पाच-सहा वेळा उठणे वेगळे. ते काम चालावे म्हणून आम्ही दोघे म्हातारे जे करीत होतो ते आणखी सहा-सात तास. यांतल्या एका मिनिटाचीही नोंद राष्ट्रीय उत्पन्नात झाली नाही. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, हा पिगूचा १९२० सालचा दाखला मी दरवर्षी वर्गात सांगत असे आणि मुले हसत असत. मीही हसत असे. २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत असे आढळले की, घरातले बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. या आकड्यांवर मी व्याख्यानही दिले होते. परंतु भांडी घासताना ते आकडे ज्या रीतीने समजतात, तसे फळ्यावर लिहिताना समजत नाहीत.

त्रेचाळिसावा दिवस

पहिले कित्येक दिवस ती माझ्या मुलीला ‘मावशी’ म्हणत असे. तिच्या लेखी सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव तेच होते. आम्ही ते दुरुस्त केले नाही. तिच्या नजरेत मात्र बदल होत होता. खेळता खेळता मान वळवून आई कोठे आहे ते पाहणे, पडली तर आम्हां सर्वांना ओलांडून आईकडेच धावणे, हे पाचव्या आठवड्यात दिसू लागले. समाजसेविका आम्हांला म्हणाल्या होत्या, “ती आईसाठी रडेल त्या दिवशी मला फोन करा. तो आनंदाचा दिवस असेल.”

तो दिवस त्रेचाळिसावा. त्या दिवशी माझ्या मुलीची सहा आठवड्यांची बिनपगारी रजा संपली आणि ती सकाळी कामावर जायला निघाली. दार बंद झाले. मुलगी क्षणभर दाराकडे पाहत राहिली आणि मग जी रडू लागली ती दोन तास थांबली नाही. ‘आई’ हा शब्द तिच्या तोंडून आम्ही त्या रडण्यात प्रथम ऐकला. बेचाळीस दिवसांच्या श्रमाने एक नाते तयार झाले, आणि ते तयार झाल्याची खूण पटली त्याच सकाळी ते तोडून बाईने कचेरीत हजर व्हावे, असा आपल्या व्यवस्थेचा हुकूम होता.

तुम्ही विचाराल, रजा का मिळाली नाही? १९६१ च्या मातृत्वलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. प्रसूत होणाऱ्या स्त्रीची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेण्यात आली. तिचे स्वागत आपणही केले. त्याच दुरुस्तीने दत्तक आईलाही १२ आठवडे दिले. पण मूल तीन महिन्यांहून लहान असले तरच. आता २०१५ चा बालन्याय कायदा याच्याशेजारी ठेवून वाचा. आईने स्वाधीन केलेल्या मुलाच्या बाबतीत तिला फेरविचारासाठी दोन महिने द्यावे लागतात. सोडून दिलेल्या तान्ह्या मुलाच्या पालकांचा शोध घेऊन ते दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर करायलाही दोन महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर तपासण्या, अहवाल, प्रतीक्षायादी, पालकांची संमती. ही मुदत योग्यच आहे. जन्मदात्रीला मन बदलण्याची संधी मिळालीच पाहिजे. परंतु मग तीन महिन्यांच्या आत मूल घरी पोहोचणार कसे? एका कायद्याने दिलेली रजा दुसऱ्या कायद्याच्या कालमर्यादेत संपून जात असे. या अटीविरुद्ध एका दत्तक आईने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, हे तिचे आपल्यावर ऋण आहे.

या अटीमागची समजूत तपासून पाहा. तान्हे मूल दुधावर असते, बाळंतिणीचे शरीर झिजलेले असते, म्हणून रजा; हे बरोबरच आहे. पण दोन वर्षांचे मूल चालते, बोलते, जेवते, तेव्हा त्याच्यासाठी रजा कशाला, असा हिशेब पुढे केला जातो. वस्तुस्थिती उलट आहे. मूल जितके मोठे, तितका त्याचा भूतकाळ मोठा आणि विश्वास बसायला लागणारा वेळ अधिक. आणि बापाचे काय? पोटावर चमचा ठेवला जाईपर्यंत जमिनीवर पडून राहण्याची रजा कोणत्या कायद्यात बसते?

माझ्या मुलीने तीन महिन्यांनी नोकरी सोडली. वर्षभराने तिला दुसरी मिळाली, कमी पगाराची. मधल्या काळात माझ्या निवृत्तिवेतनावर घर चालले. ही तक्रार म्हणून मी सांगत नाही. कारण ही कथा मी घरात तावातावाने बोलत असताना आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी मला मध्येच थांबविले होते. त्या म्हणाल्या, “काका, ताईला रजा मिळाली नाही म्हणता. आम्हांला कधी मिळाली होती? धाकट्याच्या वेळी विसाव्या दिवशी मी तुमचीच भांडी घासत होते.” ते खरे होते, आणि आमच्याच घरातले होते. त्यांचे तान्हे मूल तेव्हा आठ वर्षांची बहीण सांभाळत होती. त्या बहिणीची शाळा त्याच वर्षी सुटली.

देशातले नव्वद टक्क्यांच्या आसपास कामकरी असंघटित क्षेत्रात आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती व स्तनदा स्त्रीला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ मध्ये आलेल्या योजनेने तो पहिल्या मुलापुरता आणि ५,००० रुपयांवर आणून ठेवला. न्यायालय एखादी अट रद्द करू शकते. जिला रजाच नाही त्या बाईला ते रजा देऊ शकत नाही. ते काम चळवळीचे आहे. म्हणून दत्तक आईचा प्रश्न मध्यमवर्गाचा म्हणून बाजूला सारू नका. मूल घरी येते तेव्हा त्याला माणसाचा वेळ लागतो, आणि तो वेळ विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांना तो मिळत नाही, हा तो प्रश्न आहे.

गादी की मूल?

आपल्याकडे दत्तक हा शब्द नवा नाही. पण त्याचा इतिहास बव्हंशी मालमत्तेचा आहे. डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये झाशी व नागपूर खालसा केले. १८७५ मध्ये बडोद्याच्या आणि १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. त्यांतून सयाजीराव आणि शाहू महाराज महाराष्ट्राला लाभले, हे आपले भाग्य. तरीही त्या विधींत मूल गादीसाठी होते, गादी मुलासाठी नव्हती. वंश, वतन आणि पिंड यांसाठी मुलगा हवा. म्हणून दत्तक तोही मुलगाच. हिंदू कायद्यात मुलगी दत्तक घेण्याची सर्वसाधारण मोकळीक मिळायला १९५६ साल उजाडावे लागले. इतर धर्मीयांना तर दीर्घकाळ १८९० च्या कायद्याखालच्या पालकत्वावर समाधान मानावे लागे. बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले.

दुसरा प्रवाह जोतीराव आणि सावित्रीबाईंचा. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, पुढे आपला मुलगा म्हणून वाढविला. त्यांच्यापाशी राखायला गादी नव्हती. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाच्या अधिकारावरून भाऊबंदांनी वाद काढला आणि अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः हाती धरले, हे आपण जाणतो. यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात माय-लेक दोघांनीही रुग्णांची सेवा केली. त्यातच सावित्रीबाई गेल्या. आपण वारसा सांगतो तो या प्रवाहाचा. मग ‘जात कळली का’ हा प्रश्न आपल्या ओठांवर, किंवा डोळ्यांत, येतो कसा?

समाजवादी म्हणून आणखी एक हिशेब आपण चुकता केला पाहिजे. मुलांचे संगोपन राज्याने करावे, असे आपल्यापैकी अनेकांनी एके काळी सरळसोटपणे मांडले आहे. रुमानियात चौशेस्कूच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली. लोकसंख्या वाढवायची होती. न पोसवणारी मुले सरकारी संस्थांत जाऊ लागली. १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुले त्या संस्थांत होती. खाटांवर डोलणारी, न बोलणारी. पुढे २००० साली बुखारेस्टमध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात संस्थांतील १३६ मुलांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुले निवडून त्यांना सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेली मुले बुद्धीत आणि नाती जोडण्यात पुढे गेली. आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेली सर्वांत पुढे.

पण त्याच पूर्व युरोपात दुसरेही उदाहरण आहे. बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ मध्ये अनाथ बालकांचे गृह सुरू केले. तेथे प्रत्येक परिचारिकेकडे ठरावीक मुले असत. भरवताना, आंघोळ घालताना, कपडे बदलताना तिने घाई करायची नाही आणि मुलाशी बोलत, त्याची साथ घेत ते काम करायचे, हा नियम होता. तीही संस्थाच होती. फरक इमारतीचा किंवा झेंड्याचा नव्हता. एका माणसाचा वेळ एका मुलाला निश्चितपणे मिळतो की नाही, एवढाच फरक होता. तो वेळ आई देते की परिचारिका, हे मी दुय्यम मानतो. मात्र तो देणाऱ्या व्यक्तीला स्थैर्य असल्याशिवाय तो मिळत नाही. आपल्याकडे बालगृहांत कंत्राटी पद्धतीने, तुटपुंज्या मोबदल्यात आणि उद्याची खात्री नसताना राबणाऱ्या मावश्या दिसतात. मावशी काम सोडते तेव्हा व्यवस्थापनाला ते रिक्त पद असते. मुलाची त्या दिवशी आई जाते.

आपण काय करायचे?

मागण्या फार गुंतागुंतीच्या नाहीत. मूल घरी येईल त्या दिवसापासून रजा मोजावी. मुलाचे वय किती आणि ते कोणाच्या पोटी आले, हे रजेच्या बाबतीत विचारू नये. ती रजा आई आणि बाप दोघांनाही असावी. असंघटित क्षेत्रातील स्त्रीला तेवढ्या काळाची मजुरी सार्वजनिक निधीतून मिळावी. प्रसूत झालेलीला आणि दत्तक घेतलेलीलाही. बालगृहांतील मावश्यांना कायम नोकरी, पुरेसे वेतन आणि प्रत्येकीकडे ठरलेली मोजकी मुले असावीत. आणि या सर्वांच्या आधीची मागणी अशी की, गरिबीमुळे किंवा लोकलज्जेमुळे कोणत्याही आईवर मूल स्वाधीन करण्याची वेळ येऊ नये. दत्तक घेणारे वाट पाहत रांगेत उभे आहेत म्हणून सोडलेल्या मुलांची संख्या वाढावी, असे कोणी सुचवू लागले तर त्याला आपण ठाम विरोध केला पाहिजे.

राहिल्या त्या आपल्या स्वतःच्या गोष्टी. लोक आम्हांला म्हणाले, “मोठे पुण्य केलेत.” पुण्याचा येथे संबंध नाही, उपकार करणारा नेहमी परतफेड मोजत असतो, आणि कोणत्याही मुलाने परतफेडीच्या ओझ्याखाली वाढू नये. तुमच्या ओळखीच्या घरी असे मूल आले तर घोळका करून भेटायला जाऊ नका. जात, रंग, ‘खरे आईबाप’ विचारू नका. जायचेच असेल तर डबा घेऊन जा, मुलाला न उचलता ओट्याशी उभे राहा आणि साठलेली भांडी घासून या. हे मी पुरुष कार्यकर्त्यांना विशेषेकरून सांगतो आहे.

आमची नात आज शाळेत जाते. झोपताना कानाची पाळी अजून लागते; आता माझीही चालते, पण ती पायरी यायला सात महिने लागले. मूल कोणाचे, या प्रश्नाला धर्मशास्त्राने वंशाचे उत्तर दिले आणि कायद्याने कागदाचे. मला मिळालेले उत्तर साधे आहे. मूल त्याच्यासाठी रात्री उठणाऱ्याचे असते. आणि रात्री उठणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढून न टाकणारा समाज आपल्याला घडवायचा आहे. त्यालाच मी समाजवाद म्हणतो.